जाळी उचला, मिस्त्री

माझ्या मोबाईलमध्ये त्यांचा नंबर अजून 'मालक' याच नावानं आहे. त्यांना जाऊन पाच महिने झाले. माझी लेक म्हणाली, बाबा, आता काढून टाका तो नंबर. मी म्हणलं, फोन माझा हाय.

ते मला मिस्त्री म्हणायचे. लातुरात सहा वर्षं आम्ही एका घरात राहिलो, ते खाली आणि मी वर. दोघांच्याही बायका गेलेल्या. त्यांचा मुलगा पुण्याला, माझी लेक हदगावला दिलेली. एका घरात दोन चुली, दोन कुलपं आणि दोन म्हातारे. त्यातली पाच वर्षं आम्ही एका नळीवरून भांडलो.

ती नळी न्हाणीची. माझ्या वरच्या न्हाणीतलं पाणी बाहेरच्या भिंतीवरून खाली आणणारी, तीन इंची, करडी, प्लॅस्टिकची. खाली बेंड, म्हणजे वळणाचा तुकडा, आणि बेंडाचं तोंड नालीकडं. त्या तोंडातून टप टप पाणी गळायचं. मी आंघोळ केली तरी गळायचं, नाही केली तरी गळायचं. आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. आलं की बाया कामधंदा सोडून हंडे घेऊन धावतात. अशा ठिकाणी चोवीस तास गळणारी नळी म्हणजे घराची बेअब्रू. समोरच्या गिरणीवाल्या बाई येताजाता टोमणा मारायच्या, "काका, नळी हाय का झरा हाय?"

मालक म्हणायचे, "पेशंट हाय. इलाज चालू हाय."

मालक जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. कुणी त्यांना डॉक्टर म्हणलं की लगेच दुरुस्त करायचे. "ड्रेसर म्हणा. डॉक्टर सही करतो, हात मी घालतो." रिटायर होऊन लई वर्षं झाली होती, तरी खाकी शर्ट सुटला नव्हता. खिशात थर्मामीटर आणि गळ्यात कानाला लावायची नळी, ती डॉक्टरची असते तशी. ती नळी ते कशालाही लावायचे. बोअरच्या मोटरला लावायचे, फ्रिजला लावायचे, गिरणीवाल्या बाईंच्या चक्कीला लावून एकदा म्हणाले होते, "हिचं बेअरिंग पंधरा दिवसाचं सोबती हाय." बाईंनी शिव्या दिल्या. बेअरिंग अकराव्या दिवशी गेलं.

माणसालाही ते जनावरासारखंच तपासायचे. नाडीबिडी नाही, सरळ कानाची पाळी धरायचे. मला एकदा ताप आला. त्यांनी खालून हाक मारून मला ओट्यावर बोलावलं, दोन्ही कान चाचपले, डोळ्याची खालची पापणी ओढली आणि म्हणाले, "रवंथ बंद हाय का?"

मी म्हणलं, "मालक, मी माणूस हाय."

"ते दिसून राहिलं," माझीच बोली माझ्यावर उलटवत ते म्हणाले. "दोन दिवस वैरण बंद. नुसतं पातळ." आणि ज्वारीची कण्हेरी करून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवली. त्याच्या वर त्यांना चढता यायचं नाही. गुडघे गेले होते. दोन्ही दिवस पातेलं तिसऱ्या पायरीवर यायचं आणि मी रिकामं तिथंच ठेवायचो.

त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. ते "काय की ओ" असं बोलायचे. मी हदगावकडचा. माझं 'होय'ला 'हाव' आणि 'का'ला 'कामून' ऐकलं की त्यांना हसू यायचं. म्हणायचे, "मिस्त्री, तुमच्याकडं माणसं बोलत्यात का बैलं हाकत्यात?" मी म्हणायचो, "तुमच्याकडं दोन्ही एकच हाय."

आता माझं सांगतो. मी चौथीतून शाळा सोडली. पण नांदेडात चाळीस वर्षं नळफिटिंग केलं. लोखंडी नळीला आटे मी हातानं पाडलेत, मशीन नंतर आलं. जोडाला सूत गुंडाळायचं, सफेद्याचा पांढरा लेप लावायचा, पाना लावून आवळायचं, आणि गच्च बसलं असं वाटलं की वरून अजून एक आटा द्यायचा. हा माझा कायदा. दुसरे फिटर थांबायचे तिथं मी एक आटा जास्त द्यायचो. माझा जोड गळला म्हणून मला कुणी परत बोलावलं असं झालं नाही. बिल्डिंगी पडल्या, माझे जोड तसेच राहिले.

मालकाच्या घरी वरची खोली घेतली तेव्हा वर न्हाणी नव्हती. मालक म्हणाले, "तुम्हीच बांधा, तुमच्या मनासारखी." मी बांधली. फरशी माझी, नळ माझे, भिंतीतली नळी माझी. छतावरच्या टाकीतून एक नळी त्यांना, एक मला. माझ्या नळीचा कॉक जिन्यात बसवला. गावाला जाताना कॉक बंद करून जायचं ही माझी जुनी सवय. घर बंद असलं की पाणी बंद पाहिजे.

एक वर्ष सगळं ठीक होतं. मग नळी गळायला लागली.

पहिल्या दिवशी मालकांनी स्टूल घेतलं आणि नळीसमोर बसले. हातात घड्याळ. दुपारच्या जेवणाला उठले, परत बसले. संध्याकाळी मला हाक मारली. "मिनिटाला बावीस. सकाळी बावीस, आत्ताबी बावीस."

"मग?"

"गायीची नाडी साठाच्या आसपास असती. हे जनावर म्हातारं हाय."

त्यांनी एका वाटीत पाणी धरलं होतं. ते मला हुंगायला लावलं, स्वतः जिभेच्या टोकाला लावलं. "साबण न्हाई. तेलकट न्हाई. वास न्हाई. हे आंघोळीचं पाणी न्हाई की ओ मिस्त्री. वापरलेलं पाणी थांबून थांबून येतं, हे एका लयीत येतं. म्हंजे साफ पाणी कुठून तरी थेट नळीत उतरतंय." मग थर्मामीटर त्या पाण्यात धरला. "दुपारी गरम होतं, आता कमी हाय. टाकीतलं पाणी हाय हे. टाकी तापती तसं हे तापतं."

मी ऐकत होतो. चाळीस वर्षं नळफिटिंग केलेल्या माणसाला एक ड्रेसर नळी शिकवत होता.

"तुमच्या न्हाणीतली जाळी उचला," ते म्हणाले. "जाळीखालच्या भांड्यात बघा. सगळे नळ बंद करून बघा. कुठून धार येती ते तिथंच दिसंल."

"कामून उचलू?" मी म्हणलं. "माझे नळ एक थेंब गळत न्हाईत. जोड भिंतीत हायेत, माझ्या हातचे हायेत. दोष तुमच्या बेंडात हाय."

बेंड खरं तर मीच बसवला होता. पण तो बाजारचा माल, त्यात माझा आटा नव्हता. मी बेंड बदलला. गळतच राहिलं. नळीचा खालचा तुकडा बदलला. नवीन सोल्युशन लावलं. पांढरं सिमेंट भरलं. मग सांगितलं, नळीत ओल मुरली हाय, आठ दिवसात थांबंल. मग सांगितलं, शेजारच्या कूलरचं पाणी भिंतीतून येऊन राहिलं. तेव्हा डिसेंबर चालू होता. मालकांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

नळीच्या तोंडातून पाणी येतं तेव्हा ते वरून येतं, हे शिकाऊ पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं असं नाही.

तेव्हापासून मालकांचा रोजचा रामराम बदलला. सकाळी मी दुधाला खाली उतरलो की स्टुलावरून म्हणायचे, "जाळी उचला, मिस्त्री." मी म्हणायचो, "बेंड बघा, मालक." बस. कधी कधी दिवसभरात आम्ही दोघंही कुणाशी दुसरं काही बोललेलो नसायचो.

पाणी मात्र त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. बेंडाखाली पत्र्याची बादली ठेवली. जुन्या सिमेंटच्या पाइपाची अर्धी कुंडी आणून ओट्याच्या कडेला मांडली. बादली भरली की कुंडीत. गल्लीतल्या शेरड्या यायच्या, कुत्री यायची, आणि एक पांढरी मोकाट गाय रोज दुपारी दोनच्या सुमाराला यायची. ती पाणी प्यायची तेव्हा मालक तिचा कान धरून बसायचे. नंतर भिंतीवर गेरूनं एक रेघ मारायचे. दवाखान्यात लस टोचलेल्या जनावरावर गेरूची खूण करायची पद्धत होती, तो हात राहिला होता. दिवसाला एक रेघ. त्या रेघा मला जाता येता दिसायच्या. मी जवळ जाऊन त्या कधी बघितल्या नाहीत. नळीजवळ गेलं की ते म्हणणार, जाळी उचला.

गळतीच्या पहिल्याच वर्षी नातीच्या बारशाला मी चार दिवस हदगावला गेलो. परत आलो ते भर दुपारी. मालकांचं दार लोटलेलं होतं, बहुतेक पडले होते. मी आवाज न करता वर गेलो, कॉक उघडला, पाय धुतले नाहीत की नळ सोडला नाही, तसाच कॉटवर पडलो. अर्ध्या तासानं खालून हाक आली.

"आलात का ओ मिस्त्री?"

मी खिडकीतून बघितलं. "कसं कळलं?"

"नळीनं सांगितलं."

"लई शहाणी हाय तुमची नळी."

"तुमच्यापेक्षा हाय," म्हणाले आणि हसले. मला वाटलं टोमणा हाय.

या बारशाच्या आधी एकदाच ते वर यायला निघाले होते. एक हात भिंतीला, एक काठीला. तिसरी पायरी झाली, चौथी झाली. मी जिन्याच्या वर उभा होतो. म्हणलं, "कुठं निघाले?"

"तुम्ही उचलत न्हाई तर मी उचलतो जाळी. दोन मिनिटाचं काम हाय."

"माझ्या न्हाणीत तुमचं काय काम? घर तुमचं असंल, जोड माझा हाय."

ते तिथंच थांबले. दम लागला होता. मग मागं वळले. पायऱ्या उतरताना त्यांना चढण्यापेक्षा जास्त त्रास झाला. हात द्यायला मी दोन पायऱ्या खाली यायला पाहिजे होतो. आलो नाही.

त्यानंतर अकरा दिवस आमचं बोलणं बंद. पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी खालून नळीवर काठीचे तीन ठोके आले. ठक ठक ठक. मी चहा पीत होतो. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. परत तीन ठोके आले. मी न्हाणीत गेलो आणि तांब्याभर पाणी जाळीवर ओतलं. ते घळघळत खाली गेलं. ठोके थांबले. पुढचे पाच दिवस हेच. ते ठोकायचे, मी तांब्या ओतायचो. बाराव्या दिवशी मी खाली उतरलो तर म्हणाले, "जाळी उचला, मिस्त्री." मी म्हणलं, "बेंड बघा, मालक." तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

भूकंपाच्या साली ते किल्लारीच्या भागातच नोकरीला होते. याबद्दल ते बोलत नसत. एकदाच बोलले, गाय पाणी पीत होती तेव्हा. "माणसं काढायला मिलिट्री होती. जनावरांना कोण? मी ढिगाऱ्यावर ही नळी लावून ऐकत फिरायचो. आत दगड सरकल्याचा, घुंगराचा, कसलाबी आवाज आला की खोदायचं. आवाज न्हाई आला की पुढच्या ढिगाकडं." त्यांनी गळ्यातली नळी हातात घेतली. "पुढच्या ढिगाकडं जाताना लई वाईट वाटायचं, मिस्त्री. वाटायचं, अजून जरा थांबलो असतो."

गाय पाणी पिऊन गेली. त्यांनी रेघ मारली आणि बादली परत बेंडाखाली ठेवली.

सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. एका उन्हाळ्यात टँकरसुद्धा दोन आठवडे आमच्या गल्लीत फिरकला नाही. लोक चिडलेले होते. आणि आमची नळी तेव्हा मिनिटाला चाळीसवर गेली होती. एका सकाळी सात-आठ माणसं आणि बाया ओट्यासमोर जमल्या. गिरणीवाल्या बाई पुढं. "काका, आमची लेकरं घागर घेऊन दोन कोस हिंडत्यात आन् तुमच्या घरचं पाणी गळून चाललं. जास्त झालंय का तुमच्याकडं?"

कुणीतरी म्हणलं, "म्हाताऱ्याला सांगून उपेग न्हाई, कनेक्शनच तोडायला लावू."

मी वर खिडकीत होतो. पडद्यामागं.

मालक स्टुलावरून उठले. "माझं चुकलं," म्हणाले. "घर माझं हाय, टाकी माझी हाय. टाकी जुनी झाली, गळती. मी बघतो." मग हात जोडले. ज्या माणसाला कुणी डॉक्टर म्हणलेलं चालायचं नाही, तो हात जोडून उभा होता. लोक बडबड करत गेले. त्या दिवशी त्यांनी बादलीतलं पाणी घागरीत भरून गिरणीवाल्या बाईंच्या दारात नेऊन ठेवलं. बाईंनी घेतलं नाही.

मी दुपारी खाली आलो. मला वाटलं, आज तरी म्हणतील, दोष तुमचा हाय. ते म्हणाले, "जाळी उचला, मिस्त्री." रोजच्याच आवाजात.

मी म्हणलं, "बेंड बघा, मालक." पण त्या दिवशी नजर नालीकडं ठेवून म्हणलं.

मग त्यांचा मुलगा आला आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी गळ्यातली नळी काढून माझ्या हातात दिली. "हे ठेवा. तुम्ही ऐकणार न्हाई, पण ठेवा." आणि गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, "गाय दोनला येती. बादली बघा."

ते परत येतील असं मी धरून चाललो होतो. ते आले नाहीत. ऑपरेशन झालं, मग कमजोरी, मग मुलगा सोडेना. अकराव्या मजल्यावर राहायचे. फोनवर म्हणायचे, "इथं काय ऐकू येत न्हाई. खिडक्याच तशा बसवल्यात." मी विचारायचो, तब्येत कशी? ते विचारायचे, नळी कशी? मी सांगायचो, चालू हाय. ते म्हणायचे, बरं हाय.

आठ महिने मी एकटा त्या घरात. खालच्या दाराला कुलूप. रोज बादली कुंडीत ओतायचो, बिनचष्म्याचा, भिंतीकडं न बघता. गाय यायची. तिचा कान मी धरला नाही, ते मला जमत नाही.

मग मुलाचा फोन आला. "काका, घर विकायचं बघतोय. बाहेरून रंग मारून घेतो, माणूस पाठवतो." रंगवाला आला, भिंत घासायला लागला. नळीजवळ आला तेव्हा मी म्हणलं, थांब. पाच वर्षांच्या रेघा होत्या त्या. एकदा बघाव्यात म्हणलं. चष्मा लावून स्टुलावर बसलो, जिथं ते बसायचे.

गेरूच्या रेघा ओळीनं होत्या. मधे मधे मात्र रेघेच्या जागी पूज्य. पहिल्याच ओळीत चार पूज्य आणि त्याखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात: 'मि. हदगाव.' पुढं परत तीन पूज्य, 'मि. नांदेड, लग्न.' मग दिवाळीचे पाच, 'मि. हदगाव.' जेव्हा जेव्हा मी गावाला गेलो, तेव्हा तेव्हा पूज्य. मी जायचो, कॉक बंद करायचो, नळी थांबायची. मी यायचो, कॉक उघडायचो, नळी चालू व्हायची.

त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. बारशाहून मी आलो त्या दुपारी. हात जोडून लोकांपुढं उभे राहिले तेव्हाही त्यांना ठाऊक होतं, टाकी गळत नाही, मिस्त्रीचा जोड गळतो.

रंगवाला म्हणाला, "बाबा, मारू का रंग?" मी म्हणलं, तेवढी हातभर भिंत सोड. मालकांच्या मुलाला मी सांगतो.

वर गेलो. सगळे नळ बंद केले. जाळी उचलली. हाताला काही लागलं नाही, ताकद लागली नाही, नुसत्या बोटानं उचलली जाते ती. खालच्या भांड्यात बाजूच्या फटीतून दोऱ्यासारखी धार येत होती. पाच वर्षं येत असणार.

दुसऱ्या दिवशी छन्नी-हातोडी घेतली. या वयात हात भरून येतात. नळामागच्या दोन फरशा फोडल्या, सिमेंट उकरलं. आत माझा जोड. प्लॅस्टिकचा एल्बो, काटकोनात वळलेला तुकडा, आणि त्यात मी लोखंडाला गुंडाळावं तसं सूत गच्च गुंडाळलेलं. सफेदासुद्धा दिसत होता, जसाच्या तसा. आणि एल्बोच्या अंगावर केसासारखी एक चीर. लोखंड एक आटा जास्त सहन करतं. प्लॅस्टिक करत नाही. दुकानातली पोरं सांगायची, बाबा, प्लॅस्टिकला सूत नको, नुसती टेप लावा, हातानं आवळा. मी त्यांना हसायचो.

दुकानात जाऊन नवीन एल्बो आणला आणि पांढरी टेप आणली. टेप लावली, हातानं आवळला. पाना उचलला होता. परत खाली ठेवला.

कॉक उघडला, तरी नळी थांबलेलीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली जाऊन बसलो. मालकांची नळी कानाला लावून बेंडावर ठेवली. काही नाही. बादली कोरडी. दोनला गाय आली, कुंडीत तोंड घातलं आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

गिरणीवाल्या बाईंना जाऊन सांगितलं, "त्या सालची नळी माझ्यामुळं गळत होती. मालकाचा काही दोष नव्हता." बाईंनी चक्की चालू असतानाच ऐकलं. म्हणाल्या, "आता काय करायचं ते काका. बंद झाली न्हवं?" आणि पुढचं दळण टाकलं.

संध्याकाळी मी फोन लावला.

"मालक. जाळी उचलली."

तिकडं टीव्ही चालू होता. त्यांनी तो बंद करायला लावला. मग म्हणाले, "मग?"

"माझा जोड."

"हाव," ते म्हणाले. माझा शब्द, पहिल्यांदा न हसता.

"तुमाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं की ओ."

"मग सांगितलं कामून न्हाई? रोज नुसतं म्हणायचे, जाळी उचला, जाळी उचला."

"तुम्ही उचलणार न्हाई याची खात्री होती म्हणून म्हणायचो."

मी म्हणलं, "लोकांपुढं हात जोडले तुम्ही. मी वर खिडकीत होतो."

"ठाऊक हाय. पडदा हालला होता." मग म्हणाले, "बंद केलं का?"

"केलं. दीड दिवस झाला. एक थेंब न्हाई."

  मग म्हणाले, "उगं बंद केलं, मिस्त्री. मी पडल्या पडल्या ऐकायचो. म्हणायचो, हाय. वर माणूस हाय."

मी म्हणलं, "हाय, मालक."

"आता खाली कुणी न्हाईच म्हणा ऐकायला," ते म्हणाले. "गायीचं बघा."

त्यानंतर तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला.

घर अजून विकलं गेलेलं नाही. माणसं येतात, बघून जातात. हातभर भिंत तशीच का सोडली म्हणून विचारतात. मी सांगतो, पेशंटचा कागद हाय. दुपारी दोनच्या आधी मी बादली बेंडाखाली ठेवून वर येतो. जाळी उचलतो, आणि नळीत एक एक तांब्या पाणी ओततो, सावकाश, कुंडीपुरतं. वरूनच बादली भरून घेऊन सरळ खाली उतरलं तर काम लवकर होईल. पण मग पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज येत नाही.